पंख नंतर फुटतात

29 सप्टेंबर 1914 रोजी लंडनच्या ‘इव्हिनिंग न्यूज’ या सायंदैनिकात एक छोटीशी गोष्ट छापून आली. लिहिणारा आर्थर मॅकन हा त्याच दैनिकात नोकरी करणारा वेल्श लेखक होता. महिनाभरापूर्वी, 23 ऑगस्टला, बेल्जियममधल्या मॉन्स गावापाशी ब्रिटिश फौजेची जर्मनांशी पहिली मोठी गाठ पडली होती आणि ब्रिटिशांना मागे हटावं लागलं होतं. मॅकनच्या गोष्टीत असाच एक कोंडीत सापडलेला शिपाई आहे. त्याला लंडनमधलं एक शाकाहारी उपाहारगृह आठवतं. तिथल्या थाळ्यांवर संत जॉर्जचं चित्र असे आणि भोवती त्याची करुणा भाकणारं लॅटिन वाक्य. शिपाई ते वाक्य पुटपुटतो आणि खंदकापलीकडे तेजाळ आकृत्यांची रांग उभी राहते. हे 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईतले धनुर्धारी. जर्मन सैनिक पटापट पडतात, पण कुणाच्याही अंगावर जखम नसते. गोष्ट एवढीच. तिच्यात देवदूत एकही नाही, पंख तर नाहीतच.

पुढच्या वर्षभरात या गोष्टीचं जे झालं, ते देवदूत भेटल्याच्या कुठल्याही हकिकतीवर विश्वास ठेवण्याआधी बारकाईनं पाहावं असं आहे. गूढविद्येच्या नियतकालिकांच्या संपादकांनी मॅकनकडे विचारणा केली, ही माहिती कुठून मिळाली? त्यानं सांगितलं, कुठूनही नाही, मी रचली. चर्चच्या मासिकांनी ती पुन्हा छापायची परवानगी मागितली. एका धर्मगुरूंनी पुस्तिकेसाठी प्रस्तावना मागितली आणि तिच्यात आधार द्या म्हणाले. गोष्ट कल्पित आहे असं मॅकननं कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं की आपलीच काही चूक होत असावी. मूळ घटना खरी असणार, आपण फक्त तिला साज चढवलात. 1915 च्या वसंतात तर हकिकती गावोगाव फिरू लागल्या, आणि आता त्यांत धनुर्धाऱ्यांच्या जागी देवदूत होते. दोन अधिकाऱ्यांनी देवदूत डोळ्यांनी पाहिल्याचं एका धर्मगुरूच्या मुलीच्या हवाल्यानं छापलं गेलं. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला यातलं काही ठाऊक नाही, ते अधिकारीही ठाऊक नाहीत. चेशायर रेजिमेंटच्या एका शिपायानं शपथपत्र करून दिलं की मी मॉन्सला होतो आणि देवदूत पाहिले. नोंदी तपासल्या तेव्हा तो फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला होता तोच सप्टेंबरात, म्हणजे लढाई होऊन गेल्यावर. 1931 मध्ये ब्रिगेडियर जनरल जॉन चार्टरिस यांनी युद्धकाळातली आपली पत्रं म्हणून एक पुस्तक छापलं. त्यात 5 सप्टेंबर 1914 या तारखेखाली मॉन्सच्या देवदूताचा उल्लेख आहे. हा उल्लेख खरा असता तर मॅकनच्या आधीचा एकुलता एक पुरावा ठरला असता. पण डेव्हिड क्लार्क या संशोधकानं, ज्याचं या विषयावरचं पुस्तक 2004 साली आलं, चार्टरिस यांची मूळ पत्रं चाळली आणि त्यांत तो उल्लेख सापडला नाही.

एवढ्यावर थांबून ‘सगळं थोतांड’ म्हणता येईल, आणि पुष्कळांनी तसं म्हटलंही आहे. मला ते पटत नाही. कारण याच माघारीतून परतलेल्या माणसांच्या काही हकिकती शिल्लक आहेत आणि त्यांचा पोत अगदी वेगळा आहे. मॅकननं स्वतः सप्टेंबर 1915 मध्ये एका लेफ्टनंट कर्नलचं पत्र प्रसिद्ध केलं. ले कातोच्या लढाईनंतर रात्रीचं कूच चालू असताना या अधिकाऱ्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या शेतांतून घोडदळाच्या तुकड्या आपल्या बरोबरीनं, आपल्याच वेगानं चालताना दिसल्या. बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही दिसल्या. पाहायला माणसं पाठवली तर शेत मोकळं. पत्र लिहिणारा स्वतःच कबूल करतो की आम्ही सगळे थकून चूर झालो होतो. तो या घोडदळाला स्वर्गीय म्हणत नाही; त्याला नवल वाटतं ते एवढंच, की एकच गोष्ट इतक्या जणांना दिसावी. रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधला फ्रँक रिचर्ड्स हा साधा शिपाई. त्याच्या 1933 मधल्या आठवणींत त्या माघारीतल्या एका रात्रीचं वर्णन आहे. शेजारी चालणाऱ्या सोबत्यानं रस्त्याकडेला बोट दाखवून म्हटलं, काय छान किल्ला आहे बघ. तिथे काहीच नव्हतं. दिवसेंदिवस झोप नाही, पाठीवर ओझं, ऑगस्टचं ऊन आणि पाय फुटलेले. अशा वेळी कुणाला घोडदळ दिसलं, कुणाला किल्ला. पंख कुणालाच दिसले नाहीत.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. देवदूताच्या हकिकतीत आपण मूळ साक्षीदाराच्या जितकं जवळ जावं तितकी ती साधी होत जाते. जितकं दूर यावं तितकी ती झगमगू लागते. जवळच्या माणसाला ‘कुणीतरी होतं’ एवढंच सांगता येतं. ते कोण होतं, कुणी पाठवलं, कशासाठी आलं, त्याचं तेज कसं होतं, हे तपशील दुसऱ्या-तिसऱ्या तोंडून येतात. म्हणून ‘देवदूतावर विश्वास ठेवायचा का’ हा प्रश्न मला एक वाटत नाही. माणसाला जे जाणवलं त्यावर विश्वास ठेवायचा का, हा एक. आणि त्या जाणवण्याचा जो अर्थ लावला गेला तो मानायचा का, हा दुसरा. पहिल्याला मी मनापासून होकार देतो. दुसऱ्यासाठी पुरावा मागतो, आणि तो आजवर मिळालेला नाही.

जवळच्या हकिकतींत सर्वांत प्रसिद्ध हकिकत ध्रुवप्रदेशांचा शोधक अर्नेस्ट शॅकल्टन याची. त्याचं जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात चिरडलं गेलं. 22 माणसं एलिफंट बेटावर ठेवून त्यानं पाच जणांसह उघड्या होडीतून सुमारे 800 सागरी मैल कापले आणि साउथ जॉर्जिया बेट गाठलं. पण ते बेटाच्या चुकीच्या बाजूला लागले होते. देवमाशांच्या शिकारीचं ठाणं डोंगरांपलीकडे, आणि ते डोंगर तोवर कुणी ओलांडले नव्हते. 19 मे 1916 च्या पहाटे शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन निघाले. बर्फावर पाय घसरू नये म्हणून होडीचे स्क्रू काढून बुटांच्या तळव्यांत ठोकलेले, जवळ दोर आणि सुताराची वाकस. वाटेत एकदा बसले तर दोघांना लगेच डुलकी लागली. तिघेही झोपलो तर उठणार नाही हे जाणून शॅकल्टन जागा राहिला, पाच मिनिटांनी त्यानं त्यांना उठवलं आणि अर्धा तास झोपलात असं सांगितलं. 36 तासांनी ते ठाण्यावर पोचले. 1919 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं लिहिलं की त्या वाटेवर आपण तिघे नसून चौघे आहोत असं त्याला पुनःपुन्हा वाटत राहिलं. तेव्हा तो कुणाशी बोलला नाही. पुढे वर्स्लीनं आपण होऊन तेच सांगितलं आणि क्रीननंही कबुली दिली. टी. एस. एलियटनं ‘द वेस्ट लँड’ या 1922 च्या कवितेत हा प्रसंग घेताना चौथ्याचा तिसरा केला, आणि त्यावरूनच पुढे या अनुभवाला इंग्रजीत ‘तिसरा माणूस’ असंच नाव पडलं. शॅकल्टनचा दैवी कृपेवर विश्वास होता आणि पुस्तकात तो तसं म्हणतोही. तरी त्या चौथ्याला त्यानं चेहरा दिला नाही, नाव दिलं नाही. सांगायला शब्द तोकडे पडतात एवढंच तो नोंदवतो. त्याच्या या संयमामुळेच मला त्याचं म्हणणं खरं वाटतं.

आता याच्या शेजारी जोशुआ स्लोकमची हकिकत ठेवून पाहा. 1895 मध्ये हा खलाशी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अझोर्स बेटांवरून निघाल्यावर आलुबुखार आणि चीज एकत्र खाऊन त्याच्या पोटात मुरडा आला, वादळ उठलं आणि तो केबिनच्या जमिनीवर शुद्धबुद्ध हरपून पडला. भान आलं तेव्हा सुकाणूपाशी एक उंच परका माणूस उभा, डोक्यावर एका कानावर कललेली तांबडी टोपी. मी कोलंबसच्या ताफ्यातल्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या आहे, तू निवांत पड, असं तो म्हणाला. सकाळी पाहिलं तर बोट नेमक्या दिशेनं चालली होती आणि रात्रीत 90 मैल कापून झाले होते. इथे चेहरा आहे, पोशाख आहे, नावगावही आहे, आणि सांगणारा माणूस स्वतः साक्षीदार आहे. मग माझं म्हणणं खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही, पण त्याला दुरुस्ती लागते. अर्थ लावण्याचं काम नेहमी दुसऱ्याच्या तोंडाची वाट पाहत नाही, तापलेल्या डोक्यात ते तिथल्या तिथेही होतं. अटलांटिकवर एकट्यानं शीड सांभाळणाऱ्याच्या मनात कोलंबस असणार हे उघड आहे. त्याला संत भेटला नाही, जलदेवता भेटली नाही. त्याच्या धंद्यातला माणूस भेटला.

आपल्याकडची परंपरा माझ्या म्हणण्याला चांगला दुजोरा देते. अडीअडचणीला कुणी मदत केली की ‘अगदी देवासारखा धावून आलास’ असं आपण सहज म्हणतो, आणि आपल्या कथांत देव खरोखरच असा धावून येतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं रयतेला खुली केली, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बेदरच्या दरबारात पैसे भरून आला. पैठणला एकनाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन 12 वर्षं पाणी वाहत राहिला. पंख नाहीत, खांद्यावर घोंगडी आहे, कावड आहे. या कथा फार सुंदर आहेत आणि त्यांतली समतेची ओढ आजही मनाला भिडते. पण त्या आपल्यापर्यंत महिपतींच्या ‘भक्तविजया’तून पोचल्या, तो 1762 मधला ग्रंथ; दामाजींना तेव्हा काही शतकं लोटली होती. याउलट तुकोबांनी आपल्याला झालेला गुरूपदेश स्वतःच्या अभंगात सांगितला आहे, तो किती साधा आहे पाहा. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि आपल्याला विसर पडला, आणि हे सगळं स्वप्नात. तिथी आणि वारही दिलेला आहे. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घटनेबद्दल बोलताना हा माणूस ते स्वप्न होतं हे लपवत नाही आणि तुपाचा विसरही झाकत नाही. साक्षीदार असा असतो.

खुद्द बायबलमध्येही हीच उतरंड दिसते. चार शुभवर्तमानांत मार्काचं सर्वांत जुनं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. येशूच्या रिकाम्या थडग्यात तिथे स्त्रियांना पांढरा झगा घातलेला एक तरुण दिसतो. मत्तयाकडे येईपर्यंत भूकंप होतो आणि विजेसारखं रूप असलेला देवदूत स्वर्गातून उतरतो. अब्राहामाच्या तंबूशी भर दुपारी आलेले तिघे पुरुष होते आणि ते जेवायला बसले. करूब आणि सराफीम या स्वर्गीय जीवांना पंख आहेत, पण निरोप घेऊन येणाऱ्या देवदूतांना पंख असल्याचं ग्रंथ सांगत नाही. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीतल्या जुन्या चित्रात मारियेपुढे उभा असलेला दूत बिनपंखांचा आहे. ख्रिस्ती चित्रशिल्पांत पंख दिसू लागतात ते चौथ्या शतकाच्या अखेरीस. आज ज्याला कुणाला पंखवाला देवदूत दिसतो, त्याला शिल्पकारांनी घडवलेला देवदूत दिसत असतो.

मग ते जाणवणं काय असतं? याचं उत्तर हळूहळू मिळू लागलं आहे. 2006 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका 22 वर्षांच्या तरुणीची केस प्रसिद्ध केली. फिट येण्याच्या आजारावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तिच्या मेंदूची तपासणी चालली होती. डाव्या कानाच्या वर-मागे, जिथे शरीराच्या ठावठिकाणाची जाणीव जुळवली जाते त्या भागाला विजेचा सूक्ष्म झटका दिला की तिला आपल्या मागे कुणीतरी आहे असं वाटे. ती आडवी असली तर तो आडवा. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर त्यानं तिला मिठी मारलेली. ती हातात कार्ड घेऊन वाचू लागली तर त्याला ते कार्ड हिसकावायचं आहे असं तिला वाटलं. वीज थांबली की तो नाहीसा. 2014 मध्ये याच गटानं निरोगी माणसांवर यंत्राचा प्रयोग केला. डोळे बांधलेला माणूस पुढचं यंत्र बोटानं हलवतो आणि मागचं यंत्र तसाच स्पर्श त्याच्या पाठीला करतं. स्पर्श त्याच क्षणी झाला तर काही नाही; अर्ध्या सेकंदानं उशिरा झाला की काहींना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवू लागलं. दोघांनी तर प्रयोग थांबवायला सांगितलं. म्हणजे ‘मी इथे आहे’ ही जी जाणीव आपण गृहीत धरतो, ती मेंदू क्षणोक्षणी जुळवत असतो. ती जुळणी चुकली की आपल्याच शरीराची जाणीव शेजारी जाऊन उभी राहते. विरळ हवा, थंडी, उपास, जागरण, मैलोन्मैल तीच पांढरी वाट आणि बोलायला कुणी नाही, अशा स्थितीत ती चुकण्याची शक्यता वाढावी यात नवल नाही.

श्रद्धाळू वाचक इथे विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे: मेंदूतली जागा सापडली म्हणून अनुभव खोटा कसा? झाड दिसतानाही मेंदूत काही घडतंच, म्हणून झाड खोटं ठरतं का? नाही ठरत. फक्त यंत्रणा सापडली एवढ्यानं देवदूत नाहीसा होत नाही हे मी मान्य करतो. पण झाड दहा जणांना दिसतं, त्याचा फोटो निघतो, त्याला धडकलं की लागतं. या सोबत्याचं तसं काही होत नाही. आणि यंत्रणेचं स्पष्टीकरण ज्या गोष्टी उलगडतं त्या देवदूतानं उलगडत नाहीत. तो थकव्यातच का येतो? सोबत्याची बसण्याची ढब आपल्या ढबीसारखीच का? त्या तरुणीला भेटलेला परका नकोसा का वाटावा? काहीजण पुढे जाऊन म्हणतील की देव मेंदूच्याच वाटेनं येतो. या म्हणण्याचं खंडन करता येत नाही. पण मग ते कुठल्याही घटनेवर उभंही राहत नाही. ती श्रद्धा आहे, तिला पुराव्याची गरज नाही, आणि तिनं पुरावा म्हणून या हकिकती पुढे करू नयेत.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. शॅकल्टनच्या वाटेवर तिघांना एकाच वेळी कसं जाणवलं? मला याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. तिघांची झोप, भूक आणि थंडी एकच होती, हे खरं. तिघांनी आपापलं म्हणणं एकमेकांशी बोलण्याआधी वेगवेगळं लिहून ठेवलं नव्हतं, हेही खरं. एकानं ‘मलाही वाटलं’ म्हटल्यावर दुसऱ्याच्या धूसर आठवणीला आकार येतो, हे आपण रोज पाहतो. पण शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन ही फुशारक्या मारणारी माणसं नव्हती, म्हणून मी हा धागा सुटा राहू देतो.

तिसरा आक्षेप उपयोगाचा: त्या सोबत्यानं माणसं वाचवली, मग तो खरा नव्हता कसं म्हणता? चार्ल्स लिंडबर्ग 1927 मध्ये 33 तासांहून अधिक वेळ न झोपता एकट्यानं अटलांटिक ओलांडत असताना त्याच्यामागे विमानात आकृत्या आल्या, त्याच्याशी बोलल्या, त्यांनी मार्गाबद्दल सल्ला दिला. त्याच वर्षीच्या पुस्तकात त्यानं हे लिहिलं नाही. लिहिलं ते 1953 मध्ये. मदत झाली हे निःसंशय. पण ती मदत खुद्द लिंडबर्गच्या मनातून येऊ शकत होती, दिशा आणि वारा त्यालाच ठाऊक होता. शिवाय आपल्याला ऐकू येतात त्या परत आलेल्यांच्याच हकिकती. 8 जून 1924 ला एव्हरेस्टवर नाहीसे झालेले मॅलरी आणि अर्विन यांना शेवटच्या तासांत कुणाची सोबत जाणवली का, हे सांगायला ते उरले नाहीत. देवदूत वाचवतो असं म्हणायचं तर ज्यांच्याकडे तो आला आणि तरी जे वाचले नाहीत त्यांचीही मोजणी हवी.

हे तपासणं निर्दयपणाचं आहे असंही म्हटलं जातं, आणि या आक्षेपाशी मला सर्वांत जास्त देणंघेणं आहे. 1971 मध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांच्या मुलाखती छापल्या. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं, कुणाला नुसती चाहूल, कुणाला आवाज. बहुतेकांना त्याचा आधार वाटला होता. आणि बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक वेड्यात काढतील ही धास्ती. सरसकट ‘भास’ म्हणून हसणाऱ्यांनी आणि सरसकट ‘चमत्कार’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी मिळून या माणसांना गप्प केलं आहे. खोलीत कुणीतरी आहे असं वाटणाऱ्या बाईचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायला ना देवदूत मानावा लागतो, ना तिला आजारी ठरवावं लागतं. निरोप आणल्याचा दावा करून दुसऱ्याला आपल्या मर्जीनं वागवू पाहणाऱ्याची गोष्ट निराळी. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं ही रेघ नेमकी ओढली आहे. अंगात दैवी शक्ती संचारल्याचं भासवून इतरांच्या मनात भीती घालणं, सल्ला ऐकला नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं हा गुन्हा आहे. कुणाला काही जाणवणं हा गुन्हा नाही. मॉन्सच्या देवदूतांचंही तेच झालं. थकलेल्या शिपायांचं घोडदळ निरुपद्रवी होतं. ‘देव आपल्या बाजूनं लढतो’ असं व्यासपीठांवरून सांगितलं जाऊ लागलं तेव्हा ते युद्धाच्या कामाला लागलं.

साक्षीदाराला काय विचारावं याचा नमुना फ्रँक स्माइद या गिर्यारोहकानं स्वतःच घालून दिला आहे. 1 जून 1933 ला सोबती एरिक शिप्टन मागे फिरल्यावर तो प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एकटा एव्हरेस्टवर 28,000 फुटांच्या वर गेला. चढताना सतत वाटत होतं की आपण आणि कुणीतरी एकाच दोराला बांधलेले आहोत, पाय सुटला तर तो धरेल. उतरताना आकाशात त्याला दोन काळसर, धडधडल्यासारख्या हलणाऱ्या वस्तू दिसल्या, तेव्हा त्यानं नजर दुसरीकडे वळवली, भोवतालची शिखरं ओळखून पाहिली, आपलं डोकं ठिकाणावर आहे ना याची परीक्षा घेतली आणि मग ते सारं लिहून ठेवलं. सर्वांत उंच जागी थांबून त्यानं खिशातून पेपरमिंटची साखरवडी काढली, मोडून तिचे दोन भाग केले आणि एक तुकडा द्यायला मागे वळला. मागे कुणी नव्हतं, याचा त्याला धक्का बसला. सोबत तरीही सुटली नाही. सुटली ती सहावा तळ दिसला तेव्हा. तंबू काही पावलांवर होता, शिप्टन तिथेच होता, आणि स्माइदला एकदम एकटं वाटलं.